दोन जावा आणि पोरीचा खोकला

नोकरीत खून, दरोडे पुष्कळ हाताळले; पण आजही मनातून जात नाही ती एका चार वर्षांच्या पोरीच्या खोकल्याची केस. तेव्हा मी बोदवडकडच्या एका ठाण्याचा प्रभारी होतो.

सकाळची हजेरी नुकतीच आटोपली होती. ठाणे अंमलदाराने एका तरुण बाईला माझ्यासमोर आणून बसवले. तिने पदराने तोंड पुसले आणि एका दमात सांगितले, "साहेब, माझी थोरली जाऊ माझ्या पोरीला काहीतरी चारते. तिला मूल नाही. तिला आमचं बरं बघवत नाही."

तिची मुलगी जळगावच्या दवाखान्यात ऑक्सिजनवर होती. वर्षभर एक खोकला बरा होईतो दुसरा सुरू व्हायचा. या वेळी न्यूमोनियाने गाठले होते. पोट दुखे, भूक नसे, पोर पांढरी पडत चालली होती.

दोन्ही भाऊ शेजारी-शेजारी राहत. मधे एकच अंगण. थोरला कपाशी करायचा. धाकट्याने दोन वर्षांत नवे घर बांधले होते, दारात गाडी होती. काय करतो विचारले, तर बायको म्हणाली, "भंगाराचा धंदा आहे." मी तेवढ्यावर पुढे गेलो.

बाईमाणसाला ठाण्यात बोलावण्यापेक्षा महिला कॉन्स्टेबलला घेऊन मीच गावात गेलो. थोरलीच्या घराची पंचांसमक्ष झडती घेतली. देव्हाऱ्यात राखेची एक पुडी सापडली. ती सील करून तपासणीला पाठवली. थोरली भिंतीला टेकून उभी होती.

"ही कशाची?"

"अंगारा शे... आहे, साहेब. पोरीच्या खोकल्यासाठी भगताकडून आणला. कपाळाले लावायचे मी."

"चारला कधी?"

"नाई."

मग तिला काय वाटले कोण जाणे. ती खाली बसली आणि बोलू लागली. "खोटं कशाले बोलू? मी जळत होती. त्याहिचं घर, त्याहिची गाडी, सगळं पाहून जळत होती. पोर झाली तेव्हा मी बारशाले गेली नाई, डोकं दुखतं सांगितलं. एकदा मनात आलं होतं, हिचं काही झालं तर धाकटीले कळंल रिकामं घर काय असतं. माझीच नजर लागली, साहेब. मले घेऊन चला."

बरोबरचा हवालदार माझ्या कानाशी म्हणाला, "साहेब, कबुली झाली." मी नकारार्थी मान हलवली. मत्सराची कबुली म्हणजे गुन्ह्याची कबुली नव्हे. गुन्हेगार आपला हेतू असा ताटात वाढून देत नाही.

तेवढ्यात दवाखान्यातून फोन आला. पोरीच्या रक्तात शिसे सापडले होते, तेही भरपूर. डॉक्टरांनी रीतसर पोलिसांना कळवले. गावात बातमी पसरली आणि थोरलीच्या दारावर दगड पडले. मला तिथे दोन शिपाई ठेवावे लागले.

मी जळगावला जाऊन डॉक्टरांना भेटलो. ते म्हणाले, "हे एका दिवसाचं विष नाही. रोज थोडंथोडं अंगात जातंय. शिशाने लहान मुलांचं रक्त कमी होतं, मेंदूवर परिणाम होतो, रोगाशी झगडायची ताकदही घटते. हा न्यूमोनिया त्यानेच झाला, असं मी कोर्टात छातीठोकपणे सांगणार नाही. पण अशा पोरीला साधी सर्दीही महागात पडते. घरातल्या सगळ्यांचं रक्त तपासा."

तपासले. थोरलीच्या रक्तात थोडे होते. आईच्या जास्त. सगळ्यांत जास्त बापाच्या.

बापाला ठाण्यात बोलावले. आधी तो भंगार, भंगार एवढेच म्हणत राहिला. मी सगळ्यांच्या रक्ताचे अहवाल त्याच्यासमोर ठेवले. "तुझ्या वहिनीने तुलाही चारलं का? तेही पोरीपेक्षा जास्त?"

मग त्याने सगळे सांगितले. घरामागच्या पत्र्याच्या शेडमध्ये तो जुन्या बॅटऱ्या फोडायचा. आतल्या पट्ट्या कढईत वितळवून शिशाच्या लाद्या पाडायचा. परवाना नव्हता. धूर अंगणात उतरायचा, कपड्यांवर राखट धूळ असायची आणि त्याच कपड्यांनी तो पोरीला उचलून घ्यायचा.

"मला माहीत नव्हतं, साहेब."

"शेडबद्दल का नाही बोललास?"

"धंदा बंद पडला असता."

राखेच्या पुडीचा अहवाल आला, नुसती गोवरीची राख. थोरलीवरचा संशय कागदोपत्री मिटला. भट्टी सील झाली, बापावर गुन्हा दाखल झाला. पण मला एक गोष्ट कळत नव्हती. घरामागे रोज धूर दिसत असताना आईने जावेचेच नाव का घ्यावे? दवाखान्याच्या व्हरांड्यात मी तिला तेच विचारले.

ती धुळ्याकडची. रागात तिच्या तोंडी माहेरची बोली आली. "मनी पोर शे ती! माझी!" मग रडत म्हणाली, "माझ्या हातून घास घेत नाही. मोठीआई, मोठीआई करत अंगणापलीकडे पळते. पेटीत कपडे घालून माहेरी निघाले, तरी पोर तिच्याच कमरेला. मी जन्म दिला, साहेब, आणि तिने नुसतं भरवलं."

म्हणजे जळत दोघी होत्या. एकीने ते सांगून टाकले, दुसरीने त्याची फिर्याद केली.

पोर वाचली. अंगण आणि घर साफ होईपर्यंत तिला तिथे ठेवू नका, असे डॉक्टरांनी बजावल्यावर आई तिला घेऊन धुळ्याला माहेरी गेली. उपचार लांबले. काही महिन्यांनी जबाबासाठी ती कोर्टात आली, तेव्हा मी पोरीची चौकशी केली.

"खात नव्हती," ती म्हणाली. "शेवटी मीच फोन करून अक्कांना, माझ्या जाऊबाईंना, बोलावलं. त्या आल्या. पोर हसली."

"बरं झालं."

"बरं झालं," ती म्हणाली. "पण हसली तेव्हा माझ्या पोटात दुखलंच, साहेब. अजून दुखतं."

हेवा हा माणसाचा हेतू दाखवतो, कृत्य नाही, एवढे मी त्या केसमध्ये शिकलो. अख्खे गाव एका बाईची नजर तपासत होते. घरामागचा धूर सगळ्यांना रोज दिसत होता, आणि त्याच्या पैशाचा सगळ्यांना हेवा होता. त्याबद्दल तक्रार मात्र एकानेही केली नव्हती.