खुर्चीवाल्याचे वडील

व्हिएतनाममधल्या वुंग ताऊच्या किनाऱ्यावर खिएम पर्यटकांना खुर्च्या-छत्र्या भाड्यानं देतो. कोळ्याच्या पोरानं होडी सोडून सावली विकावी, हे त्याच्या बापाला कधीच रुचलं नाही. म्हातारा त्याला "ए खुर्चीवाल्या" अशीच हाक मारी.

एका सकाळी खुर्च्या मांडताना खिएमला वाळूत मेलेला देवमासा दिसला. इथल्या कोळ्यांत देवमासा ज्याला आधी दिसेल, तो त्याचा थोरला मुलगा. सुतक त्यानंच धरायचं. खिएमनं कपाळाला पांढरं फडकं बांधलं आणि उरलेल्या खुर्च्या मांडल्या.

"कोण गेलं हो?" छत्रीखालच्या एका बाईनं विचारलं.

"वडील."

"अरेरे! आजारी होते?"

"कल्पना नाही. आमची भेटच उशिरा झाली."

दुपारी अंत्यविधीला सगळी कोळीवस्ती लोटली. बापही आला. उदबत्ती लावून तो खिएमपुढे हात जोडून उभा राहिला.

"तुमचे वडील फार भले होते हो," तो म्हणाला. "आमची होडी बुडाली, तेव्हा त्यांनीच मला पाठीवर घेऊन काठाला आणलं."

उभ्या जन्मात बाप पहिल्यांदाच अहो-जाहोवर आला होता. खिएमनं दोन्ही बापांसाठीचं रडणं तिथंच उरकून घेतलं.