हाव्रानेकची दोरी

आमच्या फुटबॉल ग्राउंडवरचा माईक चौतीस वर्षं माझ्याकडे आहे. एका हातानं लेबरकेसचे, म्हणजे भाजलेल्या मांसाच्या वडीचे पाव विकायचे आणि दुसऱ्या हातात माईक धरून गोल कुणी मारला ते गावाला सांगायचं. या चौतीस वर्षांतली एक गोष्ट मला अजून खाते, म्हणून ती आधीच सांगून टाकते. लुबोर हाव्रानेकनं आमच्यासाठी तीन मोसमांत एकसष्ट गोल मारले आणि मी एकदाही त्याचं नाव घेतलं नाही. ‘गोल, आपला चेक,’ एवढंच म्हणायची.

आमची आणि चेकची सीमा तेव्हा नुकतीच उघडली होती. पलीकडचे चांगले चांगले खेळाडू शनिवारी आमच्या द्राक्षमळ्यांच्या गावांत येऊन खेळायचे. लुबोर सीमेपलीकडच्या झ्नोयमो गावचा. ब्रनोच्या मोठ्या क्लबात दोन मोसम खेळला आणि गुडघा गेल्यावर तिथून सुटला. आमच्याकडे तो जुन्या स्कोडातून यायचा, दोन गोल मारायचा, आंघोळ करून परत जायचा. ‘बस रे, एक वाइन-सोडा घे,’ असं त्याला कुणी म्हटलं नाही. मीसुद्धा नाही.

पुढे तो कोच झाला. स्लोव्हाकियात झाला, पोलंडमध्ये झाला, आणि जिथं गेला तिथं मालकांशी त्याचं वाजलं. सायप्रसमधल्या एका क्लबानं तर त्याला फोनवरूनच घरी पाठवलं, कारण मालकाच्या जावयाला त्यानं गोलात उभं केलं नव्हतं. असा सगळीकडून भांडून आलेला माणूस पंचवीस वर्षांनी पुन्हा आमच्या हार्टेनबाखमध्ये आला, तो कोच म्हणून.

आता सीमेवरच्या गावांत एक समजूत आहे. चेक कोच ठरवला की त्याच्या गाडीच्या मागच्या सीटवर बसून दोन स्ट्रायकर येतातच. इतकं ठरलेलं की बोलणी करताना कुणी तो विषयसुद्धा काढत नाही. मी नऊ आणि दहा नंबरचे शर्ट इस्त्री करून तयार ठेवले होते. स्कोडा येऊन थांबली. मागच्या सीटवर बॉलचं पोतं, एक जाड दोरी आणि खाऱ्या काकड्यांच्या चार बरण्या होत्या.

‘पोरं कुठायत?’ अलोइस प्राइंडलनं विचारलं. अलोइस आमच्या क्लबचा अध्यक्ष. ट्रॅक्टर दुरुस्तीचं दुकान आहे त्याचं, आणि तोंड फटकळ.

‘कुठली पोरं?’

‘तुझे स्ट्रायकर.’

‘अध्यक्षसाहेब, तुम्ही कोच मागवला होता. माणसं वाहून आणायची होती तर बसवाल्याला फोन करायचा.’

अलोइसचं तोंड पाहण्यासारखं झालं. लुबोरनं माझ्या हातातला नऊ नंबरचा शर्ट घेतला, उलटसुलट करून पाहिला. ‘हेर्मी, हा गावातल्या कुणालातरी होईल की,’ म्हणाला आणि खांद्यावर टाकून आत गेला.

दुसऱ्या दिवसापासून दोरी लागली. दोन खांबांना कमरेच्या वर बांधायची आणि बॉल पायानं नाहीतर डोक्यानं पलीकडे घालवायचा, मध्ये एकच टप्पा. त्यांच्याकडे याला नोहेबाल म्हणतात आणि आजोबा-नातू सगळे खेळतात. पन्नाशीला आलेला, एक गुडघा गेलेला हा माणूस विशीतल्या पोरांना रोज हरवायचा आणि वर डिवचायचा. ‘अरे, बॉल मारतोयस का बटाटे पेरतोयस? मान कशाला दिलीय देवानं, स्कार्फ गुंडाळायला?’ कमिटीतले लोक कुंपणाशी उभे राहून म्हणायचे, पळवायचं सोडून हा पोरांना पिकनिकला आणल्यासारखा खेळवतोय. लुबोर ऐकायचा आणि दोरी आणखी एक वीत वर चढवायचा.

नऊ नंबरचा शर्ट त्यानं फ्लोरियानला दिला. फ्लोरियान अलोइसचाच मुलगा. सतराव्या वर्षी त्यानं एक पेनल्टी थेट मळ्यात घालवली होती आणि आख्खं गाव खो खो हसलं होतं. तेव्हापासून बापानं त्याला पुढे येऊच दिलं नाही. दर वर्षी पलीकडून कुणीतरी आणायचा आणि पोराला बाकावर बसवायचा. फ्लोरियानही मग मान खाली घालून बसायला शिकला.

वसंत संपेपर्यंत आम्ही खालून दुसरे होतो. शेवटचा सामना शेजारच्या उंटरझालशी, त्यांच्याकडे तीन चेक. बरोबरी झाली तर आम्ही लीगमध्ये राहणार, हरलो तर खाली जाणार. आणि खाली गेलो तर लुबोरला नारळ, हे अलोइसनं कँटीनमध्ये सगळ्यांसमोर सांगून टाकलं होतं.

त्या दिवशी सामन्याआधी तासभर एक गाडी आली आणि आतून झ्नोयमोचे दोन स्ट्रायकर उतरले. अलोइसनं हिवाळ्यातच गुपचूप त्यांची नोंदणी करून ठेवली होती. लुबोरनं दोघांशी हात मिळवला, त्यांच्या भाषेत घरच्यांची विचारपूस केली, माझ्याकडून कॉफी घेऊन दिली आणि त्यांना बाकावर नेऊन बसवलं.

‘हे खेळणारेत,’ अलोइस म्हणाला.

‘बसणारेत. बाक चांगला आहे, मागच्याच महिन्यात रंगवलाय.’

‘हाव्रानेक, तुझी नोकरी जाईल.’

‘जाऊ दे. मला सवय आहे, तुम्हालाच नवीन आहे.’

आमची अकरा पोरं जीव तोडून खेळली. उंटरझाल एका गोलानं पुढे होतं आणि अठ्ठ्याऐंशीव्या मिनिटाला आम्हाला पेनल्टी मिळाली. बाकावरचे दोघं उठून उभे राहिले. लुबोरनं त्यांच्याकडे पाहिलंही नाही, बोट केलं ते फ्लोरियानकडे. अलोइस कँटीनच्या भिंतीकडे तोंड करून उभा राहिला. फ्लोरियाननं मारलेला बॉल खांबावर आपटून परत आला, आणि आम्ही खाली गेलो.

यावेळी मात्र कुणी हसलं नाही. लुबोर मैदानात गेला, फ्लोरियानच्या मानेला धरून म्हणाला, ‘पुढचीही तूच मारायची.’ अलोइसनं संध्याकाळीच गेटला कुलूप घातलं आणि कोचला काढल्याचा कागद दारावर चिकटवला.

मंगळवारी सहा वाजता स्कोडा आली. लुबोरनं कागद वाचला, घडी करून खिशात घातला. मग दोरीचं एक टोक फायर ब्रिगेडच्या शेडच्या खांबाला आणि दुसरं समोरच्या लिंडनच्या झाडाला बांधलं, भर रस्त्यात. गावाला येण्या-जाण्याचा तेवढाच रस्ता. एकेक करत बारा पोरं जमली. सगळ्यात शेवटी फ्लोरियान आला, बापाच्या दुकानातून, हात ग्रीसनं माखलेले. पहिलाच बॉल त्यानं डोक्यानं असा घातला की लुबोर तोल जाऊन खाली बसला. पोरं हसली, फ्लोरियानही हसला. त्याला हसताना मी कितीतरी वर्षांनी पाहत होते.

मागोमाग अलोइस आला. ‘सोडा ती दोरी. दुधाचा टँकर यायचाय.’

‘येऊ दे. आम्ही वर उचलून धरू,’ लुबोर म्हणाला.

‘तुला काढलंय मी. कळत नाही?’

‘कळतं. वाचता येतं मला.’

‘अरे, कशासाठी करतोयस हे? ते पोर पुन्हा चुकणार आणि लोक पुन्हा त्याला हसणार.’

‘चुकेल की. मी किती चुकलोय, विचारा हेर्मीला.’ लुबोर उठून त्याच्यासमोर उभा राहिला. पहिल्यांदाच त्यानं साहेब सोडलं. ‘अलोइस, मी आलो तेव्हा इथला नऊ नंबर तू होतास. मी आलो आणि तू बाकावर गेलास, तीन वर्षं. मी कधी मागे वळून पाहिलं नाही की तुझं नाव विचारलं नाही. एकदा एका पोराची जागा घेतली, ती घेतली. आता त्याच्या पोराची घ्यायला मी माणसं आणणार नाही. तू हाकल, सायप्रसवाल्यांनी हाकललं, मी आणणार नाही.’

ही गोष्ट गावात सगळ्यांना माहीत होती आणि पंचवीस वर्षांत कुणी ती काढली नव्हती. टँकर येऊन थांबला, ड्रायव्हरनं हॉर्न दिला. अलोइसनं खिशातून गेटची किल्ली काढली आणि लुबोरला नाही, फ्लोरियानला दिली. ‘रस्त्यात नको,’ म्हणाला. ‘आत खेळा.’

ऑगस्टमध्ये खालच्या लीगमधला पहिला सामना. समोर मोजून साठ माणसं, कुंपणाशी अलोइस. मी माईक घेतला आणि अकरा नावं वाचली, सगळी गावातली. मग घसा साफ करून म्हणाले, ‘कोच, लुबोर हाव्रानेक.’

तो मैदानाच्या कडेला पाठ करून उभा होता. वळलासुद्धा नाही, फक्त हात कानाशी नेला.

‘नीट ऐकू आलं नाही, हेर्मी,’ तो ओरडला. ‘एकसष्ट वेळा राहिलंय.’

मी आवाजाचं बटण पूर्ण फिरवलं आणि पुन्हा सांगितलं.