लेकीची वाक्यं आणि माझं एक

माझं अक्षर वाकडंतिकडं आहे आणि ऱ्हस्व-दीर्घ मला कधी जमलं नाही, त्याची आधीच माफी मागते. कोणाची मागते ते मलाच ठाऊक नाही, कारण हे मी कोणाला दाखवणार नाही. चौथी झाली आणि माझी शाळा सुटली. पुढे हातात विळा आला तो राहिलाच. तरी त्या वर्षाचं लिहून ठेवावंसं वाटतं.

आमचं गाव केळझरच्या अलीकडे. लेक दहावीला होती. जूनमध्ये निकाल लागला आणि ती एकट्या इंग्रजीत गेली. बाकी सगळे विषय सुटले होते. संध्याकाळी भासरे, म्हणजे नवऱ्याचे थोरले भाऊ, जेवायला बसले तेव्हा ताटाकडे पाहत म्हणाले, "झालं आता. इंग्रजी का चुलीत घालायची हाय? तळेगावकडचं एक स्थळ हाय. संत्र्याचा बगिचा हाय, विहिरीले पाणी हाय. नागपंचमी झाली की त्याइले बोलावतो."

लेकीचा घास हातातच राहिला. तिला नर्स व्हायचं होतं. हे तिने मला एकटीलाच सांगितलं होतं. ऑक्टोबरच्या परीक्षेत इंग्रजी सुटलं तर पुढचं शिक्षण, नाहीतर तो संत्र्याचा बगिचा.

नवरा हिंगणघाटला गिरणीत. महिन्यातून एकदा घरी येई आणि भावासमोर मान वर करत नसे. मी तर बोलूच शकत नव्हते. आमच्याकडे सून भासऱ्यांशी बोलत नाही. लग्न होऊन आले तेव्हापासून त्यांच्यासमोर पदर पुढे आणि तोंड बंद. काही सांगायचं तर तिसऱ्या माणसाकडून. आधी सासू होती, ती गेल्यावर लेक. ते ओसरीवरून म्हणत, "आईले सांग, चहा ठेव म्हणा." मी दाराआडच उभी असे, मला सगळं ऐकू येई, तरी ती आत येऊन सांगे, "माय, चहा ठेव म्हणते." मी म्हणे, "साखर सरली म्हणून सांग." तेही त्यांनी ऐकलेलंच असे. पण ती बाहेर जाऊन सांगेपर्यंत ते ऐकलं नाही असंच बसत.

आमच्या गल्लीत एक पेन्शनर गुरुजी राहत. त्यांच्या बायकोला दिसत कमी. मी त्यांची डाळ-तांदूळ निवडून द्यायची आणि त्यांनी लेकीला शिकवायचं असं ठरलं. घरी सांगितलं की मी गुरुजींकडे निवडायला जाते आणि पोरगी सोबतीला येते. खोटं काही नव्हतं.

मी ओट्यावर सूप घेऊन बसे. आत गुरुजींचा आवाज.

"पोरी, एकेक वाक्य तुले बरोबर येते. दोन जोडायचे म्हटले की तुहे हातपाय काऊन गळतात?"

"भेव लागते, गुरुजी."

"कायचं भेव? आपण म्हणतो, पाऊस होता म्हणून मी आलो नाई. आधी पाऊस, मंग आपण. इंग्रज आधी सांगून टाकते, मी आलो नाई. मंग बिकॉज, अन् मंग पाऊस. दोन्ही बाजूले क्रियापद पाहिजे अन् मधात जोडणारा एक. बस."

बिकॉज तिला लवकर आलं. अडत होतं ते ऑलदो. मराठीत 'जरी' आला की 'तरी' मागून येतोच. तसं ती आधी ऑलदो लिही आणि मध्ये बट घाली. ऑलदो ही वॉज इल, बट ही वेंट टू स्कूल. गुरुजी कपाळाला हात लावत.

"अवो, एका दाराले दोन कड्या काऊन लावून राह्यली? एक काढ."

"कोणती काढू?"

"जिच्यावर तुहा जीव नाई ते काढ."

मला हसू आलं. लेक चिडली. "माय, तू कायले हासतं? तुले काय समजते?"

समजत नव्हतंच. पण ऐकून ऐकून ते दोन आवाज माझ्या कानात बसले होते. मग आम्ही वावरात तण निंदताना मी तिला दोन वाक्यं द्यायची आणि तिने ती इंग्रजीत जोडायची. मी म्हणे, "गाय म्हातारी हाय. दूध देते." ती ऑलदो म्हणून सुरू होई आणि मध्ये बट आलं की मी खोकायची. बाकी वाक्य बरोबर की चूक ते देवाला ठाऊक. शेजारच्या ओळीतल्या बायका म्हणत, "एवढा खोकला आहे तं दवाखान्यात जा न बाई."

नागपंचमी जवळ आली तसं लेकीचं जेवण कमी झालं. सण होऊन गेला. फॉर्म भरायचा होता आणि फीचे पैसे नव्हते. शाळेत सांगितलं होतं की उद्या शेवटचा दिवस.

त्या दुपारी लेक शाळेत फॉर्म आणायला गेली होती. भासरे वावरातून आले, ओसरीवर बाजेवर बसले. मी आत ताक घुसळत होते.

"आईले सांगजो," ते म्हणाले, "उद्या पाहुणे येऊन राह्यले. पोरीले घरी ठेव म्हणा. अन् घर सारवून घे म्हणा."

कोणीच हललं नाही. त्यांनी वाट पाहिली. मग हाक मारली, "पोरगी कोठं गेली?"

माझ्या हातातली रवी थांबली. सांगायला घरात कोणी नव्हतं. नेहमी अशा वेळी मी दाराची कडी वाजवायची, म्हणजे ऐकलं. कडीला हात लावला. वाजवली असती तर सगळं कबूल झालं असतं, आणि उद्या दुपारी माझी लेक पाटावर खाली मान घालून बसली असती. पदर कपाळापर्यंत ओढला आणि दाराआडूनच बोलले.

"उद्या तिच्या फॉर्मचा शेवटचा दिवस हाय, म्हणून पाहुण्याइले निकाल लागेपर्यंत थांबवा, अन् नापास झाली तर तुम्ही म्हणान तेथं देऊ, पण पास झाली तर तिले शिकू द्या, अन् फीचे पैसे मले उसने द्या, मी फेडीन."

मध्ये श्वास घेतला असता तर पुढचं निघालंच नसतं.

मला वाटलं, आता ते उठून आत येतील. किंवा हिंगणघाटला निरोप जाईल की बायकोला माहेरी नेऊन सोड. मग ते म्हणाले, "या घरात बाईचा आवाज ओसरीवर आला नोयता."

मी दाराआडून हलले नाही.

"कायच्यातून फेडान?"

"दुसऱ्याच्या वावरात जाईन. निंदण हाय, मंग वेचणी हाय."

मग बाज कुरकुरली. त्यांनी बंडीच्या खिशातून पैसे काढून बाजेवर ठेवले आणि चपला घातल्या. अंगणात कोणीच नव्हतं, तरी तिथं लेक उभी असल्यासारखे ते म्हणाले, "आईले सांगजो, उसने हाय. अन् नापास झाली तं मी कोनाचं ऐकणार नाई म्हणा."

परीक्षा वर्ध्याला होती. मी सोबत गेले आणि शाळेच्या भिंतीलगत बसून राहिले. ती बाहेर आली तेव्हा मी काही विचारलं नाही. एसटीत बसल्यावर तीच म्हणाली, "माय, ऑलदो आलं होतं."

"मंग?"

"बट लिहिलं. मंग खोडलं. मंग वाटलं, होतं तेच बरोबर होतं."

"मंग काय ठेवलं वो?"

ती खिडकीबाहेर पाहू लागली. तिला आठवतच नव्हतं. निकालापर्यंतचे ते दिवस मी कसे काढले ते लिहिता येत नाही. तळेगावकडून दोनदा विचारणा आली. भासरे त्यांना "थांबा" म्हणाले, पण आमच्याकडे पाहत म्हणाले.

निकाल लागला. ती काठावर पास झाली. भासऱ्यांनी ऐकलं, पान लावलं आणि तळेगावला नाही म्हणून कळवलं.

मी दुसऱ्यांच्या वावरात कापूस वेचायला जात होते. आठवडी मजुरी मिळाली की त्यातले पैसे बाजेवर ठेवायची आणि आत यायची. ते कधी उचलत ते दिसत नसे. वेचणी संपत आली तेव्हा राहिलेले सगळे एकदम ठेवले. त्या दिवशी ते बाजेवरच बसले होते. त्यांनी माझ्यासमोर नोटा मोजल्या, चिल्लर मोजली, बंडीच्या खिशात टाकली आणि मलाच म्हणाले, "फिटले."