ब्रश न लागणारी नळी

प्रयोगशाळेतल्या काकूंना रसायनशास्त्रातलं काही कळत नाही, हे नव्या विभागप्रमुखांनी आल्या दिवशीच ठरवून टाकलं. खरंच आहे. बत्तीस वर्षं परीक्षानळ्या घासून कुणी शहाणं होतं का?

काकूंच्या निवृत्तीला दोन महिने उरले असताना सरांनी मेमो दिला. ‘सायक्लोप्रोपेन’ अशी चिठ्ठी असलेल्या सिलिंडरमध्ये प्रोपीन आहे, चिठ्ठ्यांची अदलाबदल काकूंनी केली. हा शेरा सर्व्हिस बुकात चढला, की पेन्शन लटकलीच.

"सर, चिठ्ठी मी बघून लावलीय."

"अहो काकू, वायू ब्रोमीनमधून सोडला, तांबडा रंग गेला. म्हणजे दुहेरी बंध. म्हणजे प्रोपीन! शाळेतलं पोरही सांगेल."

"मग त्या पोरालाच विचारा, जांभळ्या पाण्यातून वायू सोडला होता का."

"परमँगनेट? त्याची काय गरज?"

"प्रोपीन असलं की जांभळा रंग जातो आणि नळीत तपकिरी गाळ धरतो. घासून घासून ब्रश झिजतो माझा. सायक्लोप्रोपेनची नळी नुसत्या पाण्याने निघते."

टेबलापाशी उभ्या असलेल्या दोन विद्यार्थिनी खुसखुसल्या. आता सरांना माघार घेता येईना. त्यांनी वायू सोडला. दहा मिनिटं झाली, पाणी जांभळं ते जांभळंच.

मग सरांना एकदम सगळं आठवलं. ते विद्यार्थिनींकडे वळले. "तीन कार्बन त्रिकोणात कोंबलेत. बंधांना हवा एकशे नऊ अंशांचा कोन, मिळतात साठ. त्या ताणामुळे ब्रोमीन आलं की कडं तुटतं. परमँगनेटला मात्र ते दाद देत नाही."

काकूंना हे लगेच पटलं. घरी एका खोलीत त्या, मुलगा आणि सूनबाई कोपरं आखडून राहत होते. विहीणबाई आल्या की तासाभरात कडं तुटायचं. शेजारीपाजारी मात्र कितीही टोचून बोलोत, तिघं एक व्हायची.

"तुम्ही सावध आहात का, तेच बघत होतो मी," सर म्हणाले.

"मेहेरबानी. मेमो रद्द केल्याचं तेवढं लिहून द्या. सहीखाली तारीखही घाला."

सरांनी दिलं. वर नळ्यांचा स्टँड आणि ब्रश पुढे सरकवला. "एवढ्या धुऊन टाका."

काकूंनी कागद घडी करून पर्समध्ये ठेवला. मग जांभळी नळी नळाखाली धरली, आणि ब्रश सरांच्या टेबलावर तसाच राहू दिला.