आईचा हात

“एक हात आईचा. तो हलायचा नाही,” पद्मजा नेहमी म्हणायची. दुसरा हात लेकराचा, तो अंगावर बिंदू शोधत हिंडणार. आणि लेकरू हिंडतं ते आई जागेवर आहे या भरवशावर.

शियात्सूची, अंगावरचे बिंदू दाबून आराम देण्याची, ही विद्या ती अमेरिकेत मिशिगनमधल्या नोव्हाय गावी एका जपानी म्हातारीकडे शिकली. तेल नाही, चोळणं नाही, अंगावरचे कपडे अंगावरच. जमिनीवर गादी घालायची, अंगठा सरळ टेकवायचा आणि समोरच्याचा श्वास बाहेर पडताना आपला भार हळू सोडायचा. जोर करायचा नाही. जोर केला की अंग आतून कडी लावून घेतं.

तिच्या सासूबाई शोभनाताई थंडीत नागपूरहून लेकाकडे आल्या आणि हे सगळं त्यांच्या गुडघ्यांना आधी कळलं. रोज दुपारी त्या सोफ्यावर पाय लांब करून बसत. पद्मजाचा डावा हात मांडीवर निवांत पडून राही, उजवा घोट्यापर्यंत उतरत जाई. जिन्याला भिणारे पाय जिना चढू लागले. फोनवर त्या बहिणीला सांगत, “सून पाय चेपते बाप्पा माझे. अमेरिकेत!”

रविवारी तिथल्या महाराष्ट्र मंडळाची माणसं जेवायला आली. त्यांच्यातली प्रीता हसत म्हणाली, “पद्मजा, तू मसाज करतेस म्हणे? यार, मला पण अपॉइंटमेंट दे. तेल मी आणते!”

“ती योगा शिकवते,” पद्मजाचा नवरा उल्हास घाईघाईनं म्हणाला.

“योगा नाही, शियात्सू,” पद्मजा म्हणाली. “पुढच्या महिन्यात जागा घेतेय भाड्यानं. ये तिथं.”

उल्हासनं लगेच भाजीचं भांडं पुढं सरकवलं.

पाहुणे जाताच उल्हास फुटला. “जागा कॅन्सल कर. लोकांची अंगं दाबायला आणलं का तुला इथं?”

“आईंचे पाय रोज दाबते, ते?”

“ते घरातलं.”

पद्मजा सासूकडे वळली. “आई, माझ्या हातात काय आहे ते तुम्हाला ठाऊक आहे. सांगा ना ह्याला.”

शोभनाताईंना ठाऊक होतं. अंगभर ठाऊक होतं. पण समोर लेकाचं तोंड होतं, आणि त्या म्हणाल्या, “नवऱ्याची मान खाली जाईल असं करू नये बाई.”

दुसऱ्या दिवशी दुपारी त्यांनी सवयीनं पाय लांब केले. पद्मजा आली, खाली बसली. डावा हात मांडीवर टेकला. शोभनाताईंनी डोळे मिटून श्वास सोडला. उजवा हात आलाच नाही. मग डावाही उचलला गेला.

“काल मला एवढाच हात हवा होता, आई. बाकीचं मी केलं असतं.”

तिनं गादी गुंडाळली, काखेत मारली, बूट चढवले. वरच्या खोलीत उल्हास मीटिंगमध्ये मोठ्यानं हसत होता. समोरच्या काचेतून दिसत राहिलं: बर्फातून ती सावकाश चालत गेली, कोपऱ्यावर वळली. मागं पाहिलं नाही. पाहत होत्या एकट्या शोभनाताई, पाय अजून तसेच लांब केलेले.