भाजीचा त्याग

आमच्या घरात भाजी ही मासे न मिळाल्यास करायची गोष्ट आहे, आणि मासे मिळत नाहीत असा दिवस तोंडवलीत सहसा उजाडत नाही.

गेल्या जानेवारीत डॉक्टरांनी आधी माझी साखर पाहिली, मग माझ्याकडे पाहिलं, आणि रोज अर्धं ताट भाजी खायला सांगितली. (हेच डॉक्टर बाजारात पापलेटाची टोपली उपसताना मला दोनदा दिसलेत, पण ते असो.) भाजी खाण्याला माझी हरकत नव्हती. हरकत होती ती एकट्यानं खाण्याला! मी गवार चावत बसायचं आणि समोर माझी आई, बायको फिलू आणि कॉलेजात जाणारी मुलगी रोझी यांनी कुरकुरीत बांगडे फस्त करायचे, हा अन्याय मी का सोसावा? भाजी खायची तर सगळ्या घरानं, आणि तीही आवडीनं, असा ठराव मी मंजूर केला. मतदान घेतलं नाही.

स्वयंपाकघर मी ताब्यात घेतलं. सुरणाचे काप मसाला लावून, रव्यात घोळवून सुरमईसारखे तळले. दुधीला तिरफळं आणि कोकमाची सोलं घालून बांगड्यासारखं झणझणीत तिखलं केलं. लाल माठावर इतकं खोबरं पेरलं की माठ कुठे आहे ते विचारावं लागलं. बिटाची फुलं कापताना बोट कापलं, पण बिटात ते कुणाच्या लक्षात आलं नाही. प्रत्येक पदार्थ आणण्याआधी मी आतून घंटा वाजवत असे आणि नाटकाची करतात तशी घोषणा करत असे.

पहिला आठवडा तिघी मयताला बसल्यासारख्या जेवल्या. दुसऱ्या आठवड्यात मात्र चमत्कार झाला. आईनं स्वतःहून भाजी मागितली. रोझीनं दुधी पुन्हा वाढून घेतला. फिलूनं तर कुंपणापलीकडच्या शेजारणीला माझ्या सुरणाची कृती सांगितली! मी इतका फुगलो की रविवारी प्रार्थनेनंतर फादरांना गाठून सगळी हकिगत ऐकवली. आई शेजारीच होती.

"फादर," ती गोड आवाजात म्हणाली, "माका आता भाजयेपेक्षा कायच आवडना नाय."

मला तिथेच संशय यायला हवा होता. पाऊणशे वर्षं ज्या बाईनं पाला फक्त गुरांना घातला, ती एकाएकी माठाच्या प्रेमात पडते? पण कौतुकापुढे माझी अक्कल चालत नाही.

मग राखेचा बुधवार आला. त्या दिवसापासून ईस्टरपर्यंत आमचा उपवासकाळ. मासे चालतात, पण ज्यानं त्यानं आपली एक आवडती गोष्ट सोडायची. आई दरवर्षी चहातली साखर सोडते, फिलू मालिका, रोझी चॉकलेट. कपाळाला राख लावून आम्ही देवळातून घरी आलो. मी घंटा वाजवून वालाची भाजी आणली. एकही ताट पुढे सरकलं नाही.

"आमी सोडली," आई म्हणाली.

"काय सोडली?"

"भाजी."

रोझीनं मला समजावलं, "पप्पा, आवडती वस्तूच सोडूची असता मा? चॉकलेटाचा आता काय तितक्या वाटना नाय."

तिघींनी हे आधीच ठरवलं होतं! फिलूनं शांतपणे झाकण काढलं. आत तळलेले बांगडे होते. मोजून नऊ.

मी तसाच तणतणत फादरांकडे गेलो. हा धर्माचा गैरवापर आहे, यांना चांगली समज द्या, म्हणून सांगितलं. फादर आरोंद्याचे, खाडीच्या सुंगटांवर, म्हणजे कोळंबीवर, वाढलेले. त्यांनी डोळे मिटून विचार केला आणि निकाल दिला की त्याग वैध आहे. तुझ्या आईची भाजीवरची भक्ती मी स्वतःच्या कानांनी ऐकली आहे, असं ते म्हणाले. वर असंही म्हणाले, की जे आपण सोडतो ते दुसऱ्याच्या मुखी घालावं.

हे शेवटचं वाक्य मी घरी जाऊन सांगायला नको होतं. दुसऱ्या दिवसापासून तिघींच्या वाट्याची भाजी डब्यात भरून फादरांकडे जाऊ लागली. पोचवणार कोण? मी! भर अकरा वाजता, स्कूटरला डबा लटकवून, सगळ्या वाडीसमोरून.

तिसऱ्या शुक्रवारी मी पापनिवेदनाला गेलो. आईवर ओरडलो, बायकोवर रागावलो, मुलीला वकिलीण म्हणालो, सगळं कबूल केलं.

"आंतोन," जाळीपलीकडून फादर हळूच म्हणाले, "तुझो डबो रोज येता, तो लोक बघतत. तेंका वाटता, फादरान मासळी सोडली. दोन आठवडे झाले, माका कोणी एक सुंगट हाडून देवक नाय."

मी क्षमा मागितली.

"तुका प्रायश्चित्त सांगतंय. ईस्टरपर्यंत भाजी शिजवू नको."

मी डॉक्टरांचं नाव काढलं.

"डॉक्टर तुझी साखर बघता," फादर म्हणाले. "मी तुझो आत्मो बघतंय."

खाली मान घालून मी घरी आलो. एवढी मेहनत, कापलेलं बोट, तिखलं, घंटा, सगळं मातीत! संतापानं मी ताट पुढे केलं. फिलूनं दोन बांगडे वाढले. मी ताट मागे घेतलं नाही, तेव्हा तिनं तिसरा वाढला.

इतक्या मनापासून मी आजवर कुठलंच प्रायश्चित्त केलेलं नाही.