वाग्युं आणि वागली

आमच्या घरात पुस्तकं नव्हती, पत्रकं होती. आप्पा लूमवर कामाला आणि युनियनमध्ये. सुरतेत लिंबायतच्या आमच्या खोलीत खाटेखाली पत्रकांचे गठ्ठे असत. मी अक्षरं त्यांच्यावरच शिकले. कुणाचं बोट मशिनमध्ये चिरडलं की कारखान्यात त्याची नोंद 'किरकोळ दुखापत' अशी व्हायची, आणि आप्पा त्या 'किरकोळ' शब्दावर तुटून पडायचे. "किरकोळ कुणाला? बोट ज्याचं आहे त्याला विचारा!" असं मोठ्या टायपात छापलेलं असायचं. शब्दांवरून भांडता येतं, भांडायलाच हवं, हे मला तिथून कळलं.

माझी मोठी बहीण पलसाण्याला एका डाइंग मिलमध्ये फोल्डिंगला, म्हणजे कापडाच्या घड्या घालायला, जायची. सकाळी टेम्पो बायकांना घेऊन जाई, संध्याकाळी आणून सोडी. एकदा भर दुपारी ओल्या कापडाची गाडी ढकलताना रंगाच्या पाण्यावरून तिचा पाय सटकला. गुडघा खरचटला, कोपर सोलवटलं, कमरेला मुका मार बसला. टेम्पोला वेळ होता, म्हणून फोल्डिंगचा मास्तर, म्हणजे तिथला मुकादम, तिला रिक्षाने घरी घेऊन आला. चष्मेवाला, वयस्कर गुजराती माणूस. माय बाहेर गेली होती. नळावर बायका होत्या, त्यांना तो म्हणाला, "छोकरीने बहु खराब वाग्युं छे," आणि त्याच रिक्षाने परत गेला.

गुजरातीत छोकरीने म्हणजे पोरीला, आणि वाग्युं म्हणजे लागलं, इजा झाली. नळावर एक मावशी होती, खानदेशात पारोळ्याकडून नुकतीच आलेली. तिने ऐकलं ते आपल्या भाषेत. ताई रिक्षातून उतरलेली, साडी गुलाबी रंगाने माखलेली, शेजारी परका पुरुष, आणि तो सांगतोय की पोरगी खराब वागली.

घरात मायने ताईच्या गुडघ्याला हळद लावली, कंबर शेकली. आपल्याकडे शरीराच्या बारीकसारीक दुखण्यांना किती शब्द आहेत! खरचटणं वेगळं, सोलवटणं वेगळं. ठेच, ओरखडा, वळ, लचक, उसण. शब्द उच्चारला की बाई उठून नेमकं औषध शोधते. कुणी हळद-चुना आणतं, कुणी तुरटी.

दोन दिवसांनी शेजारीण दारात उभी राहून मायला म्हणाली, "पोरले जरा घरमा ठेव, माय. लोके बोली राह्यनात."

"काय बोली राह्यनात?" मायने विचारलं.

तेव्हा सगळं बाहेर आलं. मी तडक नळावर गेले. मावशी हंडा भरत होती. "तो मास्तरच सांगे ना," ती म्हणाली, "पोर खराब वागनी म्हणीसन."

"मावशी, वाग्युं म्हणजे लागलं! ती पडली, तिला लागलं!"

मावशीचा चेहरा उतरला. "माले काय माहीत, माय? मी नवीन शे."

तिच्यावर माझा राग नाही. माझा राग बाकीच्यांवर होता आणि आजही आहे. त्या सगळ्या वर्षानुवर्षं सुरतेत राहिलेल्या. त्यांच्या नवऱ्यांना रोज लूमवर 'वागत' होतं, पोरं गल्लीत पडून 'वाग्युं, वाग्युं' म्हणत रडत घरी येत होती. वाग्युं म्हणजे काय हे त्यांना पक्कं ठाऊक होतं. तरी कुणी मावशीला टोकलं नाही. उलट मी अर्थ सांगितल्यावर एकजण पदर तोंडाला लावून हसली, "घ्या, आता कॉलेजवाली आपल्याला गुजराती शिकवणार!" आणि दुसरी म्हणाली, "लागलं तर लागलं. पण मास्तर कशाला आला सोबत?"

म्हणजे शब्द खोटा पडला तरी आरोप जागच्या जागी. आपली भाषाही यात सामील आहे. बट्टा लागतो, काळिमा लागतो, बोल लागतो. सगळं आपोआप लागतं, हवेतून येऊन चिकटावं तसं. लावलं कुणी, ते वाक्यात येतच नाही. आणि यावर हळद-चुना कुणाकडे नसतो.

मी आप्पांना म्हटलं, पत्रक काढा. एका बाजूला वाग्युं, दुसऱ्या बाजूला वागली. गल्लीत घरोघर वाटू.

आप्पांनी मान हलवली. "हे घरचं आहे. असल्याची पत्रकं काढत नाहीत."

"मग ताईने काय करायचं?"

"थोडे दिवस घरी बसू दे. लोक विसरतील. किरकोळ गोष्ट आहे."

किरकोळ! माझ्या कानांवर माझा विश्वास बसेना. मी ओरडलेच, "किरकोळ कुणाला, आप्पा?"

उत्तर ताईने दिलं, आणि तेही माझ्यासारखं ओरडून नाही. ती भाकरी थापत होती. "मी बसले तर मास्तर दुसरी बाई घेईल," ती म्हणाली. "आणि इथले म्हणतील, बघा, काढून टाकली. मग पत्रक काढलंत तरी कुणी वाचणार नाही. मी उद्या जाते."

सकाळी तिने डबा घेतला. गुडघा अजून पुरता वाकत नव्हता. आप्पा चपला घालून तिच्या मागे निघाले, मी त्यांच्या मागे. नळाजवळ ताई थांबली.

"आप्पा, तुम्ही घरी जा."

"टेम्पोपर्यंत येतो की."

"नको. तुम्ही मला राखायला आलात, असं दिसेल."

आप्पा तिथेच थांबले. ताई नळावरच्या बायकांमधून, एक पाय थोडा ओढत, कोपऱ्यापर्यंत गेली. टेम्पोत बायका दाटीवाटीने बसल्या होत्या. कुणी सरकेना. ताईने डबा आत ठेवला, दांडा धरला आणि म्हणाली, "सरका ना बायांनो, गुडघ्याला लागलंय माझ्या."

मग एकीने पाय आखडून घेऊन तिच्यापुरती जागा केली.